मांजरीचे पोरके पिल्लू सांभाळताना

जिन्याखालच्या अडगळीतून किंवा गच्चीवरच्या रिकाम्या खोक्यातून बारीक, चिरका आवाज येऊ लागतो. मुले शोध घेतात आणि थोड्याच वेळात डोळे मिटलेला, उंदराएवढा जीव ओंजळीत घेऊन घरात येतात. मग बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. कुणीतरी बशीत गाईचे दूध ओतते. पिल्लाचे तोंड त्यात बुडवले जाते. ते नाकातोंडातून दूध उडवते, ओरडते आणि थकून गप्प होते. त्याला फडक्यात गुंडाळून सगळे निश्चिंत मनाने झोपतात. सकाळी पाहावे तर पिल्लू गार पडलेले असते. ‘आईवेगळे पिल्लू, जगणारच नव्हते,’ अशी मुलांची समजूत घातली जाते.

पुष्कळदा ते जगले असते. अशा घरात मायेची कमतरता नसते. पिल्लू दगावते ते थंडीने, चुकीच्या दुधाने किंवा फुप्फुसात गेलेल्या दुधाने, आणि या तिन्ही गोष्टी टाळण्यासारख्या आहेत. त्यासाठी मोठा खर्च करावा लागत नाही. मात्र झोपमोड सोसायची तयारी हवी.

आधी आईची वाट पाहा

मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. घरे मोजायला कुणी गेलेले नाही, पण निरीक्षण खरे आहे. जागा असुरक्षित वाटली की मांजरी एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे हलवते. या हलवाहलवीच्या मधल्या वेळेत पिल्लू एकटे दिसले की माणसे त्याला ‘अनाथ’ ठरवून उचलून आणतात आणि इकडे आई रिकाम्या जागेभोवती ओरडत फिरते.

म्हणून पिल्लू स्वच्छ, कोरडे, गरम असेल आणि पोट भरून निजलेले दिसत असेल, तर त्याला हात न लावता लांबून लक्ष ठेवावे. आपण जवळ उभे राहिलो तर मांजरी येणार नाही. दोन-तीन तास, जमल्यास त्याहून जास्त थांबावे. सारखे पाहत बसणे शक्य नसेल तर जागेभोवती थोडे पीठ भुरभुरावे. आई येऊन गेली तर पावलांचे ठसे उमटतात. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला मांजरी टाकते, हा समज चुकीचा आहे. पाऊस, कुत्री किंवा वाहनांची ये-जा असेल तर पिल्लाला तिथेच जवळच्या आडोशाला खुशाल हलवावे. आई त्याच्या आवाजाने त्याला शोधून काढते.

एवढी वाट पाहण्याला कारण आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात आईच्या चिकातून पिल्लाला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात आणि ती देण्याची सोय माणसापाशी नाही. पण आई मेली आहे असे ठाऊक असेल, पिल्लू गार किंवा मळलेले असेल, सतत ओरडत असेल, त्याला मुंग्या लागल्या असतील, तर मात्र वेळ घालवू नये.

त्याचे वय ओळखणे अवघड नाही. वाळलेली नाळ चिकटलेली असेल तर ते फार तर चार-पाच दिवसांचे आहे. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात. पुढचे इवले दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला हिरडीतून वर येतात. आपण किती दिवसांची जबाबदारी घेतो आहोत, याचा अंदाज त्यावरून येतो.

भुकेआधी ऊब

नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचे वजन जेमतेम शंभर ग्रॅम असते. एवढ्याशा देहाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात तर त्याला थंडीने कुडकुडणेही जमत नाही. आईचे पोट आणि भावंडांची गर्दी हीच त्याची गोधडी असते.

नेमकी इथेच सर्वांत घातक चूक होते. गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजले जाते. अंग थंड असताना आतड्याचे काम जवळजवळ थांबलेले असते. दूध पोटात तसेच पडून राहते, नासते, उलटून श्वासनळीत जाते. पिल्लाच्या शरीराचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर त्याला दूध देऊच नये. थर्मामीटर नसला तरी आपली करंगळी त्याच्या तोंडात घालून पाहावी. तोंड आतून गार लागले तर आधी ऊब, मग बाकी सगळे.

ही ऊब हळूहळू द्यायची. पिल्लाला मऊ फडक्यात घेऊन आपल्या अंगाशी, कपड्यांच्या आत धरून बसणे हा सर्वांत सुरक्षित उपाय. त्याला तास-दोन तास लागू शकतात. गरम पाण्यात बुडवणे, शेगडीसमोर धरणे, हीटरच्या झोतात ठेवणे हे प्रकार करू नयेत. एकदम मिळालेली उष्णताही जीव घेते.

त्यानंतर त्याचे अंथरूण तयार करावे. उंच कडांचे पुठ्ठ्याचे खोके, तळाला वर्तमानपत्र, वर जुन्या सुती साडीची किंवा मऊ कांबळीची घडी. टर्किश टॉवेलच्या धाग्यांत नखे अडकतात, म्हणून तो वरच्या थरात नको. खोक्याच्या अर्ध्या भागात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली ठेवावी आणि उरलेला अर्धा भाग मोकळा सोडावा. उकडले तर पिल्लाला सरपटत बाजूला होता आले पाहिजे. पहिल्या आठवड्यात त्याच्या जागी 30 अंशांच्या आसपास तापमान हवे. पुढे दर आठवड्याला ते थोडे कमी केले तरी चालते. नागपूरच्या मे महिन्यात पिशवीची गरज भासणार नाही, उलट खोके गार जागी हलवावे लागेल. दिल्लीच्या जानेवारीत मात्र रात्रीतून दोन-तीनदा पाणी बदलावे लागते. पिशवी निवली की ती पिल्लाची ऊब ओढून घेऊ लागते, हे विसरून चालणार नाही.

आपल्या हवेतला आणखी एक शत्रू म्हणजे मुंग्या. दुधाचा थेंब अंगावर सुकला की त्या येतात आणि इतके लहान पिल्लू त्यांच्यापासून स्वतःला वाचवू शकत नाही. पूर्वी दुधा-तुपाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. तीच युक्ती इथे करावी. खोके स्टुलावर आणि स्टुलाचे पाय पाण्यात.

कोणते दूध?

मांजर म्हटले की दूध आठवते, आणि इथेच पिल्लाचा घात होतो. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असतात. गाईच्या दुधातली साखर पिल्लाला नीट पचत नाही, त्यामुळे जुलाब होतात आणि शंभर ग्रॅमच्या देहातले पाणी काही तासांतच कमी होते. पाणी घालून पातळ केलेल्या दुधाने पोषण आणखीच घटते. लहान मुलांच्या डब्यातले दूधही यासाठी बनवलेले नाही.

मांजरीच्या पिल्लांसाठी तयार केलेली दूधभुकटी पशुवैद्यांकडे आणि पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानांत मिळते. डब्यावर दिलेल्या प्रमाणात ती उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवावी. घट्ट केली तर बद्धकोष्ठ, पातळ केली तर उपासमार. गावात ती मिळत नसेल, दुकान उघडायला अवकाश असेल, तर एक-दोन दिवस निभावण्यापुरते घरचे मिश्रण चालते. एक कप साय न काढलेले उकळून निववलेले दूध, दोन अंड्यांचा फक्त पिवळा बलक आणि चहाचा एक चमचा खाद्यतेल चांगले घोटून गाळून घ्यावे. ते फ्रीजमध्ये ठेवावे, लागेल तेवढेच कोमट करावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी टाकून द्यावे. यावर पिल्लू आठवडेच्या आठवडे वाढवू नये.

पाजण्याची रीत

पूर्वी तान्ह्या बाळासाठी घरात बोंडले असे. मांजराच्या पिल्लाला तशी धार सोसत नाही. कापसाची वात दुधात भिजवून चोखायला देण्याची पद्धतही जुनी आहे, पण त्यातून पोटात किती गेले ते कळत नाही आणि कापूस गिळला जाण्याची भीती असते. औषधाच्या दुकानातली, सुई काढलेली एक किंवा दोन मिलिलिटरची सिरिंज सर्वांत सोयीची. पिल्लांसाठीची छोटी बाटली असेल तर बूच खाली करून पाहावी. दूध थेंबाथेंबाने पडले पाहिजे, धार लागता कामा नये.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पिल्लाला माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजू नये. ते आईला पितानाही पोटावर पालथेच असते. मांडीवर फडके पसरून त्यावर त्याला पालथे ठेवावे, हनुवटीला एका बोटाचा आधार द्यावा, मान किंचित वर. सिरिंजचे टोक ओठांच्या कडेने आत सरकवून एक थेंब जिभेवर सोडावा. त्याने तो गिळला की पुढचा. चोखण्याची गती त्याची, आपली नव्हे. आपल्याला कामाची घाई आहे म्हणून दट्ट्या जोरात दाबला तर दूध फुप्फुसात उतरते आणि त्यातून होणाऱ्या न्यूमोनियातून एवढे लहान पिल्लू क्वचितच वाचते. नाकातून दूध आले तर लगेच थांबावे, डोके खाली करून नाक पुसावे आणि त्याचा श्वास पूर्ववत होईपर्यंत पुन्हा पाजू नये.

दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहिले असता कोमट लागावे. शंभर ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी चार मिलिलिटरपेक्षा जास्त मावत नाही, आणि दिवसभरात त्याला साधारण 20 ते 25 मिलिलिटर लागते. म्हणजे पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे पाजणे आले. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार-पाच तासांनी. पोट गोल झाले पण नगाऱ्यासारखे ताणले गेले नाही, म्हणजे पुरे. अर्धपोटी पिल्लू पुढच्या वेळी भरपाई करते, जास्त पाजलेले आजारी पडते.

एक बारीकशी गोष्ट अनेकांना माहीतच नसते. या वयात पिल्लाला आपण होऊन शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. म्हणून प्रत्येक दूधपाण्यानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने शेपटीखालचा भाग हलकेच, आईच्या जिभेसारखा, पुसत राहावे. शू जवळजवळ प्रत्येक वेळी होते. शी दिवसातून एक-दोनदा, मोहरीच्या रंगाची आणि टूथपेस्टसारखी सैल होते. हे न केल्यास दूध व्यवस्थित पिणारे पिल्लूही पोट फुगून मरते. तीन आठवड्यांनंतर त्याची गरज हळूहळू संपते. आंघोळ मात्र घालू नये. अंग ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करणे पुरेसे आहे.

वही आणि तराजू

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा छोटा तराजू आणि एक वही, ही या काळातली सर्वांत उपयोगी साधने. पिल्लाला रोज एका ठराविक वेळी वाटीत ठेवून तोलावे. रोज 10 ते 15 ग्रॅम वाढ झाली तर सर्व ठीक आहे. एक दिवस वजन जागच्या जागी राहिले तर सावध व्हावे. घटले तर पशुवैद्याकडे जावे. किती वाजता किती प्यायले, शी कशी झाली हेही लिहून ठेवावे. घरातल्या शाळकरी मुलांकडे हे काम द्यावे. ती ते मोठ्या माणसांपेक्षा चोख करतात.

रात्रीच्या पाळ्यांबद्दलही स्पष्ट बोललेले बरे. पिल्लू आणतात मुले, हौस असते वडिलांची, आणि पहाटे तीनला उठते ती आई, असे घरोघरी होते. पिल्लू ठेवायचे ठरवताना पाळ्याही त्याच दिवशी ठरवाव्यात. रात्री अकराला एक, दोनला दुसरा, पाचला तिसरा. दहा-पंधरा दिवसांचा प्रश्न असतो, पण ते एकटीच्या अंगावर पडले तर कुरकुर होते आणि शेवटी पिल्लाचीच आबाळ होते.

डॉक्टरांकडे केव्हा?

पिल्लू सतत रडत असेल, चोखायला नकार देत असेल, गळून पडले असेल, श्वास घेताना घरघर होत असेल, शी पाण्यासारखी किंवा हिरवट होत असेल, डोळे मिटलेले असतानाच पापणीखाली सूज किंवा पू दिसत असेल, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. या वयात उद्या फार लांब असतो. निघेपर्यंत त्याला गरम ठेवावे. ते अगदी निपचित असेल तर हिरडीला साखरपाण्याचे बोट लावावे.

घरातले औषध देण्याचा मोह मात्र टाळावा. तापावरची पॅरासिटामॉल मांजराला विषासारखी आहे, तिचा तुकडादेखील प्राण घेतो. पिसवांसाठी कुत्र्यांची पावडर वापरू नये. त्यांपैकी काहींत असणारे परमेथ्रिन मांजरांना सहन होत नाही. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढाव्यात. त्या फार असतील तर लगेच डॉक्टरांना दाखवावे, कारण पिसवांनी रक्त शोषल्याने लहान पिल्लांना पंडुरोग होतो. खोक्याखालची फरशी फिनेलने पुसू नये, साबणाचे पाणी पुरते.

इतके सगळे करूनही काही पिल्ले जात नाहीत असे नाही. काहींमध्ये जन्मतःच दोष असतो, काहींना आईचा चीक मिळालेला नसतो. अशा वेळी मुलांना खरे कारण साध्या शब्दांत सांगावे.

दुधानंतर

चौथ्या आठवड्यात पिल्लू बाटलीचे टोक चावू लागते. आता बशीत त्याच दुधात मऊ कालवलेले पिल्लांचे खाणे द्यायला सुरुवात करावी. पहिले काही दिवस ते त्यात पाय घालून चालेल, ते मनावर घेऊ नये. मग हळूहळू दूध कमी. उथळ ट्रेमध्ये माती किंवा वाळू ठेवून जेवणानंतर त्यात सोडले की शिस्त आपोआप लागते. हा ट्रे रोज साफ करावा, आणि घरात गर्भवती स्त्री असेल तर ते काम दुसऱ्याने करावे.

शाकाहारी घरांनी या टप्प्यावर मनाशी एक गोष्ट ठरवायला हवी. मांजर दूध-पोळीवर जगते असे दिसते, कारण ते बाहेर जाऊन उंदीर, पाली, किडे खात असते. घरात कोंडलेल्या मांजराला ही सोय नसते. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि ते मांस-मासळीतूनच मिळते. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा निकामी होतो, हे 1975 मध्ये दिसून आले. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातील पशुवैद्य पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय दुबळे होण्याचा एक विकारही त्यामुळेच होतो, हे दाखवून दिले. आता तयार खाण्यात टॉरिन घातलेले असते. ज्यांना घरात मांस शिजवायचे नाही त्यांना असे पाकीट आणता येईल. तेही चालत नसेल तर पिल्लू मोठे करून दुसऱ्या घरी देणे हेच त्याच्या हिताचे.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाची सवय लागते. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात 1980च्या दशकात आयलीन कार्श यांनी केलेल्या प्रयोगांत हा काळ ठळकपणे पुढे आला. या दिवसांत त्याला रोज वेगवेगळ्या माणसांनी थोडा वेळ हाताळावे. पण बोटांशी खेळू देऊ नये. एकट्याने वाढलेल्या पिल्लाला किती जोरात चावायचे हे शिकवायला भावंडे नसतात. आज गंमत वाटणारे ते चावणे सहा महिन्यांनी रक्त काढते. खेळायला दोरी किंवा कापडी चेंडू द्यावा. शक्य असेल तर एकाऐवजी दोन पिल्ले वाढवावीत. कष्ट थोडेच वाढतात आणि पिल्ले अधिक शहाणी निघतात.

मांजराविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात अढी असते, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. बंगालमध्ये मुलांचे रक्षण करणाऱ्या षष्ठी देवीचे वाहनच मांजर आहे, हे त्यांना सांगून पाहायला हरकत नाही. मात्र त्यांची खरी काळजी आजारांची असेल तर ती रास्त आहे. जंतांचे औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणारी लस आणि बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस, हे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पिल्लू चावले किंवा त्याने ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

आठ आठवड्यांचे पिल्लू दुसऱ्या घरी द्यायला योग्य होते. ‘मोठे झाले, आता मासळी बाजारात सोडून येऊ’ हा उपाय अनेकांना सोपा वाटतो. हाताने वाढवलेल्या पिल्लाला कुत्र्यापासून पळणे माहीत नसते आणि बोक्यांशी भांडता येत नाही. शिवाय प्राण्याला उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11व्या कलमाखाली गुन्हा आहे. ओळखीच्यांत विचारावे, पशुवैद्याच्या दवाखान्यात चिठ्ठी लावावी, घेणाऱ्याचे घर एकदा पाहून यावे. मादी असेल तर पाच-सहा महिन्यांची होताच तिची नसबंदी करून घ्यायला सांगावे, नाहीतर वर्षाच्या आतच तिच्या पिल्लांचा प्रश्न उभा राहतो. पिल्लू देताना त्याची वही, सध्याच्या खाण्याचे पाकीट आणि ते ज्यावर निजत असे तो साडीचा तुकडा सोबत द्यावा. ओळखीच्या वासाचे अंथरूण असले की नव्या घरातली पहिली रात्र त्याला सोपी जाते.